समतेची अर्धी मागणी : गोव्याच्या ख्रिस्तसभेतील वर्णभेद, जातिभेद आणि आपले कर्तव्य

हरमल हे पेडणे तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. उत्तरेस तेरेखोल आणि दक्षिणेस शापोरा या दोन नद्यांच्या मधला हा मुलूख. शापोरा ओलांडून बारदेशात उतरले की आपण गोव्याच्या ‘जुन्या काबिजादी’त येतो, पेडणे, डिचोली व सत्तरी हा प्रदेश मात्र ‘नव्या काबिजादी’तला. बारदेश, तिसवाडी व साष्टी या महालांत सोळाव्या शतकातच ख्रिस्ती धर्माचा मोठा प्रसार झाला. पेडणे १७८८ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांच्या हाती गेले, आणि तेथील हिंदू रयतेला तिच्या धर्माची व रूढींची हमी मिळाली. त्यामुळे हरमलसारख्या गावी कार्मेल मातेचे चर्च आणि देवळे शेजारी नांदतात. ख्रिस्ती मनुष्य घरी कोकणी बोलतो आणि त्याचा शेजारी मराठी पोथी वाचतो.

अशा गावातील धर्मशिक्षकाला एक प्रश्न केव्हा ना केव्हा ऐकावा लागतो. कधी तो शेजारचा हिंदू विचारतो, कधी धर्मशिक्षणाच्या वर्गातले एखादे चुणचुणीत मूल. प्रश्न असा : ‘तुमच्या धर्मात सगळे सारखे, तर मग लग्न जमवताना जात का पाहतात?’ यावर आपले ठरीव उत्तर असते की, जात हा पूर्वीच्या समाजाचा अवशेष आहे; तो हळूहळू नाहीसा होईल. हे उत्तर अगदी खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. गोव्यातील ख्रिस्तसभेने जात केवळ सहन केली नाही, तर काही काळ तिला आपल्या नियमांत स्थान दिले. दुसरे असे की, ज्या गोमंतकीय ख्रिस्ती लोकांनी जाती पाळल्या, तेच स्वतः गोऱ्यांच्या वर्णभेदाचे बळी होते आणि त्याविरुद्ध त्यांनी धैर्याने लढा दिला. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे एक कटू सत्य ध्यानी येते. आपल्यापेक्षा वरच्याकडून समता मागणे सोपे असते. आपल्यापेक्षा खालच्याला ती देणे कठीण असते. मागणीचा पहिला अर्धा भाग गोव्यात शतकानुशतके गाजला. दुसरा अर्धा भाग अजून आपल्या हातून पुरा व्हावयाचा आहे.

रंगाची उतरंड

पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या समाजाची उतरंड रंगावर व जन्मस्थानावर रचलेली होती. सर्वांत वर प्रत्यक्ष पोर्तुगालात जन्मलेले ‘रैनोल’; त्यांच्या खाली हिंदुस्थानात जन्मलेले गोरे ‘कास्तीसो’; त्यांच्या खाली मिश्र रक्ताचे ‘मेस्तीसो’; आणि त्यानंतर देशी ख्रिस्ती. या सर्वांच्या तळाशी आफ्रिकेतून विकत आणलेले गुलाम होते. त्यांना कोकणीत ‘खापरी’ म्हणत. पोर्तुगीज साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने रद्द करणारा हुकूम १८६९ साली निघाला. तोवर गोव्यातील मोठ्या घरांत, गोऱ्यांच्या तसेच देशी धनिकांच्याही, असे गुलाम राबत होते.

देशी मनुष्य ख्रिस्ती झाला म्हणजे तो राजाचा समान प्रजाजन झाला, असे तत्त्वतः मानले जाई. व्यवहारात तसे नव्हते. देशी धर्मगुरूंना गुरुदीक्षा मिळे, परंतु युरोपीय धर्मसंघांची दारे देशी तरुणांना जवळजवळ बंदच होती. दीर्घकाळपर्यंत देशी धर्मगुरू हा साहाय्यक आणि युरोपीय संघाचा धर्मगुरू हा मुख्य, अशीच रीत होती. बिशपपदाची तर गोष्टच नको.

डिचोलीचा बिशप

या भिंतीवर पहिला मोठा आघात केला तो दिवाडी बेटावरच्या मातेउस द कास्त्रो याने. सोळाव्या शतकाच्या अखेरीस एका ख्रिस्ती ब्राह्मण कुटुंबात त्याचा जन्म झाला. गोव्याच्या वरिष्ठांनी त्याला गुरुदीक्षा नाकारली, तेव्हा तो खुश्कीच्या मार्गाने थेट रोमला गेला. तेथे १६२२ साली स्थापन झालेल्या धर्मप्रसार-मंडळाचे सचिव फ्रांचेस्को इंगोली हे देशी धर्मगुरूंचे कैवारी होते. त्यांच्या पाठिंब्याने मातेउसला गुरुदीक्षा मिळाली आणि १६३७ साली बिशपपदाचा अभिषेकही झाला. लॅटिन विधीच्या ख्रिस्तसभेत बिशप होणारा तो पहिला हिंदी मनुष्य होय.

पोर्तुगीज सत्तेखाली त्याला काम करणे अशक्य होते, म्हणून रोमने त्याला विजापूरच्या आदिलशाही मुलखात नेमले. त्याचे ठाणे डिचोली येथे होते. डिचोली तेव्हा आदिलशाहीत होती, म्हणजे पोर्तुगीज हद्दीच्या अगदी उंबरठ्यावर. तेथून त्याने देशी तरुणांना गुरुदीक्षा दिली. गोव्याच्या अधिकाऱ्यांनी त्या दीक्षा मान्य करण्यास नकार दिला. त्याच्या कातडीच्या रंगावरून त्याच्याविषयी अत्यंत हीन शब्द वापरले गेले, आणि ते वापरणाऱ्यांत उच्चपदस्थ धर्माधिकारी होते. आज डिचोली-पेडण्यात सेवा करणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूने या पूर्वजाचे ऋण मानले पाहिजे.

तथापि इतिहासाने आपल्याला येथेच थांबू देऊ नये. १६५३ साली मातेउसने आपल्या ज्ञातिबांधवांसाठी एक पत्रक लिहिले. त्याचे नाव ‘ब्राह्मणांचा आरसा’ असे होते. त्यात त्याने गोव्याच्या ख्रिस्ती ब्राह्मणांना पोर्तुगिजांच्या जुलमाविरुद्ध उभे राहण्याचे आवाहन केले. युक्तिवादाचा गाभा असा की, आपण प्राचीन व कुलीन लोक. आपल्याला या परक्यांनी हीन लेखावे काय? या युक्तिवादात अन्यायाची चीड खरी आहे, परंतु तिचा आधार मनुष्यत्व हा नसून कुलीनत्व हा आहे. जो कुलीन नाही, त्याला हीन लेखण्यास या आरशात कोणताही अडथळा दिसत नाही. मातेउसने भिंतीत दार पाडले खरे, परंतु ते दार एका उंचीच्या माणसांपुरतेच होते.

नियमात शिरलेली जात

हा दोष एकट्या मातेउसचा नव्हता. १६०६ साली गोव्यात भरलेल्या पाचव्या प्रांतीय धर्मपरिषदेने देशी लोकांना गुरुदीक्षा देण्याविषयी नियम केला, तेव्हा ती उच्च मानलेल्या जातींच्या मुलांनाच द्यावी असे ठरविले. कारण असे सांगितले की, नीच मानलेल्या जातीच्या धर्मगुरूला इतर ख्रिस्ती लोक मान देणार नाहीत. लोक जात मानतात म्हणून ख्रिस्तसभेनेही ती मानावी, आणि ख्रिस्तसभा मानते म्हणून लोकांना ती पवित्र वाटावी, असे हे चक्र होते. दक्षिणेत मदुरा येथे रोबेर्तो द नोबिली यांनी ब्राह्मणांत सुवार्ता नेण्यासाठी स्वतः संन्याशाचे जीवन पत्करले. त्यांचा हेतू उदात्त होता. १६२३ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी धर्मांतरितांना जानवे इत्यादी चिन्हे ठेवण्यास अनुमती दिली. परंतु त्याच परंपरेत पुढे उच्च व नीच जातींसाठी वेगळे धर्मप्रचारक ठेवण्याची पद्धत आली.

गोव्यात ही विभागणी संस्थांतही उतरली. गोव्यातील ऑरेटरी संघ ब्राह्मण धर्मगुरूंचा होता, आणि चारडे समाजातील धर्मगुरूंना आपली वाट वेगळी शोधावी लागली. याच ऑरेटरी संघातील संत जुझे वाज हे १६८७ साली डच अमलाखालच्या सिलोनात मजुराच्या वेशात शिरले आणि तेथील छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती समाजाची त्यांनी मरेपर्यंत सेवा केली. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. सुवार्तेसाठी मजुराचा वेश घेणारा संत ज्या संघात घडला, त्या संघाच्या दारातून मजुराच्या मुलाला प्रवेश नव्हता, ही विसंगती धर्मशिक्षकाने लपवू नये. ती सांगितल्याने संताचे मोठेपण कमी होत नाही. आपली जबाबदारी मात्र वाढते.

धर्मग्रामाच्या पातळीवर कोंफ्रारिया, म्हणजे चर्चची बंधुमंडळे, पुष्कळ ठिकाणी जातीजातींत वाटल्या गेल्या. सणाच्या दिवशी कोणत्या रंगाचा झगा कोणी घालावा, मिरवणुकीत पुढे कोणी असावे, मुख्य सण कोणाच्या खर्चाने व मानाने साजरा व्हावा, यांवर तंटे झाले. त्यांतले काही न्यायालयापर्यंत गेले. गावकरी या जुन्या ग्रामसंस्थेचे मानपान देवळातून निघून चर्चमध्ये आले. मूर्ती बदलली, मानकरी तेच राहिले.

कायदा आणि आचार

वर्णभेदाविरुद्धचा लढा पुढे चालूच राहिला. २ एप्रिल १७६१ रोजी पोर्तुगालचे मंत्री पोंबाल यांच्या पुढाकाराने एक हुकूम निघाला. आशिया व पूर्व आफ्रिकेतील ख्रिस्ती प्रजाजन हे पोर्तुगालात जन्मलेल्या गोऱ्यांच्या बरोबरीचे आहेत, आणि त्यांना रंगावरून अपशब्द वापरणे हा दंडनीय अपराध आहे, असे त्यात जाहीर केले होते. गोव्याच्या अधिकाऱ्यांनी तो बाजूस ठेवला. १७७४ साली पोंबाल यांना तेच पुन्हा बजावावे लागले. तरीही देशी धर्मगुरूंना वरची पदे मिळेनात. काएतान फ्रान्सिस्को कौतो आणि जुझे आंतोनियो गोन्साल्विस हे दोन धर्मगुरू लिस्बनला जाऊन दाद मागून रिक्त हस्ते परतले, आणि १७८७ साली कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या आश्रयाने राज्य उलथण्याचा कट झाल्याचे उघडकीस आले. सुमारे ४७ जण पकडले गेले. त्यांत १७ धर्मगुरू होते. डिसेंबर १७८८ मध्ये पणजी येथे १५ जणांना अत्यंत क्रूरपणे देहदंड दिला गेला, आणि धर्मगुरूंना लिस्बनच्या तुरुंगात धाडण्यात आले. ज्या वर्षी पेडणे पोर्तुगिजांच्या हाती आले, तेच हे वर्ष.

येथे एक नियम दिसतो : केवळ हुकमाने भेद जात नाही. महाराष्ट्रातही हेच घडले. १९२३ साली मुंबई विधिमंडळाने रावबहादूर बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. पुढे महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो अनुयायांसह तळ्यावर जावे लागले. अधिकार कागदावर मिळाल्यावर तो अंगावर घेणारा माणूस लागतो, आणि त्याच्या बाजूला उभे राहणारा शेजारीही लागतो.

प्रभूच्या मेजावरचा भेद

अर्धी समता हा केवळ गोव्याचा रोग नव्हे. दक्षिण आफ्रिकेत १८९३ साली बॅरिस्टर गांधींना पीटरमारित्झबर्ग स्थानकावर गोऱ्यांच्या डब्यातून खाली उतरविले गेले. त्यातून मोठा लढा उभा राहिला. परंतु सुरुवातीची मागणी हिंदी लोकांपुरतीच होती, तेथील मूळच्या आफ्रिकी लोकांना तीत स्थान नव्हते. गांधीजींची दृष्टी पुढे व्यापक झाली, हा त्यांच्या आत्मपरीक्षणाचा गुण.

त्याच देशातील ख्रिस्तसभेचा इतिहास तर धर्मगुरूंनी मुद्दाम अभ्यासावा. १८५७ साली केप प्रांतातील डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनॉडपुढे प्रश्न आला की, गोरे व काळे यांनी प्रभुभोजन एकत्र घ्यावे काय? सिनॉडने मान्य केले की, एकत्र बसणे हेच इष्ट व शास्त्रानुसार आहे. परंतु काही जणांच्या दुर्बलतेस्तव वेगळ्या उपासनेस परवानगी दिली. तत्त्व शाबूत ठेवून केलेली ही एक लहानशी सवलत होती. १८८१ साली रंगाच्या आधारे वेगळे चर्चच स्थापन झाले, आणि १९४८ पासून सरकारने ‘अपार्थाइड’ हे राज्याचे धोरण केले, तेव्हा त्याला आधार द्यायला चर्च आधीच तयार होते. १९८२ साली ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चांच्या जागतिक संघटनेने अपार्थाइडचे धर्मशास्त्रीय समर्थन हे पाखंड आहे असे घोषित केले, आणि त्याच वर्षी आफ्रिकेतील भेदग्रस्त चर्चने बेलहारचा विश्वासांगीकार लिहिला. १९९४ साली सर्व वर्णांच्या लोकांनी प्रथमच एकत्र मतदान केले. प्रभूच्या मेजावरची एक सवलत मिटवायला १३७ वर्षे लागली.

संत पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अंत्युखियातील असाच प्रसंग सांगतात. पेत्र हे परजातीय बंधूंबरोबर जेवत असत. यरुशलेमहून काही मंडळी आल्यावर लोकलाजेस्तव ते मागे सरले. पेत्रांनी कोणतीही चुकीची शिकवण दिली नव्हती. ते फक्त उठून दुसऱ्या जागी बसले. तरीही पौलांनी सर्वांसमक्ष त्यांना सांगितले की, हे सुवार्तेच्या सत्यास धरून नाही. बसण्याची जागा हीच शिकवण असते. त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात स्नानसंस्काराने वंश, दास्य व लिंग यांचे भेद ख्रिस्तात लोपतात असे जे म्हटले आहे, ते या मेजाच्या प्रसंगानंतर येते, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

आज आपण कोठे आहोत

कमावलेलेही काही आहे. गोव्यात १५५७ पासून आर्चबिशपपद आहे. त्यावर गोमंतकाचा सुपुत्र प्रथम बसला तो १९७८ साली, राउल निकोलाव गोन्साल्विस यांच्या रूपाने. म्हणजे मातेउसची मागणी पुरी व्हायला तीन शतकांहून अधिक काळ गेला. २७ ऑगस्ट २०२२ रोजी गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव यांना कार्डिनलपद मिळाले. त्याच समारंभात हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हेही कार्डिनल झाले. दलित समाजातून आलेले ते पहिले कार्डिनल मानले जातात. मागणीचे दोन्ही अर्धे भाग त्या दिवशी रोममध्ये शेजारी बसले.

परंतु रोममध्ये जे शेजारी बसले, ते आपल्या धर्मग्रामांत शेजारी बसतात काय? तमिळनाडूतील वडक्कनकुळम येथे जातीजातींसाठी चर्चची दोन दालने होती. त्यांमधली भिंत १९१० साली पाडली गेली. तिरुच्चिरापल्लीतील एका दफनभूमीत मात्र उच्चवर्णीय व दलित ख्रिस्ती यांच्या कबरींमध्ये भिंत उभारलेली होती. मृतांनाही विभागणारा असा ख्रिस्ती समाज पुनरुत्थानाची ग्वाही कोणत्या तोंडाने देईल? २०१६ साली भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करून जातिभेद हे गंभीर सामाजिक पाप असल्याचे म्हटले. हा कबुलीजबाब उशिरा आला, पण आला.

शासनाकडेही आपली एक न्याय्य मागणी आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली तो शीख व १९९० साली बौद्ध दलितांना मिळाला. ख्रिस्ती व मुस्लिम दलित वगळलेलेच राहिले. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने हा दर्जा धर्माशी जोडू नये अशी शिफारस केली. ही मागणी आपण अवश्य लावून धरावी. परंतु येथेही अर्ध्या मागणीचा धोका आहे. आपण शासनाला सांगतो की, धर्म बदलल्याने दलिताची स्थिती बदलली नाही. तसे असेल तर ती बदलणे हे आपल्याच घरचे काम होते. ते का झाले नाही, हेही आपण सांगावयास हवे. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतरितांच्या स्थितीविषयी लिहिताना ख्रिस्ती समाजावर नेमका हाच आक्षेप घेतला होता की, सामाजिक अन्यायाविरुद्ध तो कधी लढला नाही.

धर्मगुरू व धर्मशिक्षकांसाठी

प्रत्येक धर्मग्रामाने स्वतःला पुढील प्रश्न विचारावेत. पहिला : आपल्या बंधुमंडळात, चर्चच्या समितीत आणि सणाच्या यजमानपदावर गेल्या दहा वर्षांत कोणकोणत्या वाड्यांवरची माणसे आली? जी कधीच आली नाहीत, ती का आली नाहीत? दुसरा : दफनभूमीत जागा, घंटा आणि मिरवणूक सर्वांना एकाच रीतीने मिळते काय? तिसरा : गुरुदीक्षेसाठी आपण कोणत्या घरांतील मुलांना प्रोत्साहन देतो? १६०६ चा नियम कागदावरून गेला, पण आपल्या निवडीतून गेला काय? चौथा : विवाहपूर्व मार्गदर्शनात आपण जातीचा विषय उघडपणे काढतो, की आईबापांच्या रोषास्तव टाळतो?

पाचवा प्रश्न हरमलसारख्या गावाला विशेषत्वाने लागू आहे. पर्यटनामुळे या किनाऱ्यावर दूरदूरच्या प्रांतांतून मजूर येतात. ते बांधकामावर राबतात, उपाहारगृहांत भांडी घासतात. गोव्यात अशा माणसाला ‘घाटी’ म्हणून हिणविण्याची सवय आहे, आणि गोऱ्या पाहुण्याला ‘पात्रांव’ म्हणण्याची. या दोन शब्दांत ती जुनी उतरंड अजून जिवंत आहे. हे मजूर रविवारी चर्चमध्ये आले, तर त्यांना कोणत्या बाकावर जागा मिळते?

धर्मशिक्षणाच्या वर्गात हा विषय शिकवताना दूरचे दाखले शोधण्याची गरज नाही. किनाऱ्यावर रापण ओढतात, तेव्हा जो दोरीला हात लावतो त्याला मासळीचा वाटा मिळतो, अशी जुनी रीत आहे. मुलांना हे ठाऊक असते. त्यांना विचारावे की, जाळे ओढताना जी रीत आपण पाळतो, ती प्रभूच्या मेजाशी का पाळू नये? आणि एखाद्या मुलाने वर सांगितलेला लग्नाचा प्रश्न विचारलाच, तर त्याला उत्तर देताना ‘पूर्वीचा समाज’ पुढे करू नये. त्याला मातेउस द कास्त्रोची गोष्ट सांगावी, दोन्ही बाजूंनी सांगावी, आणि प्रामाणिकपणे म्हणावे की, आपल्या पूर्वजांनी अर्धे काम केले; उरलेले तुझ्यामाझ्याकडे आहे.